साडूंची सागरशेवंती

आमच्या साडूंना समुद्राचं वेड लागलं, तोवर त्यांनी उभ्या आयुष्यात समुद्र दोनदाच पाहिला होता, आणि तोही गाडीच्या काचेतून. खाली उतरलं की मोज्यांत वाळू जाते, असं त्यांचं म्हणणं. धंद्याने ते चष्मेवाले. बाजारात कोपऱ्यावर दुकान. गिऱ्हाईक आलं की फ्रेमच्या आधी ते स्वतःची मतं दाखवत. ती पसंत पडली नाहीत तर फ्रेमही जरा तुटकपणेच दाखवत.

समुद्राच्या आधी दुर्बीण होऊन गेली होती, ती आता कपाटावर उशांच्या मागे पडून असते. मग कुंडीतली बुटकी झाडं आली. ती वाळली तेव्हा साडू म्हणाले, "माती हलकी निघाली." त्यांच्या हातून काही बिघडलं, असं कधी झालंच नाही. माती हलकी असते, आभाळ ढगाळ असतं, गिऱ्हाइकाचे डोळेच मुळात हट्टी असतात.

एकदा फ्रेमच्या घाऊक व्यापाऱ्याने त्यांना घरी जेवायला बोलावलं. तिथे त्यांनी भिंतभर टाकी पाहिली. खाऱ्या पाण्यात डुलणारी गुलाबी, हिरवी प्रवाळं आणि त्यांतून फिरणारे नारंगी मासे. ती टाकी राखायला व्यापाऱ्याने पगारी माणूस ठेवला होता. ही गोष्ट साडूंच्या एका कानाने आत शिरली की नाही, याचीच मला शंका आहे.

महिनाभरात त्यांच्या हॉलमधून सोफा गेला, जेवणाचं टेबल बाल्कनीत गेलं आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल न्हाणीघराच्या दाराशी बोळकांडीत गेलं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, तशी सोशीक. तिने एवढंच विचारलं, "अहो, आपण जेवायचं कुठे?"

"समुद्राकडे बघत," साडू म्हणाले. "ताट मांडीवर घेऊन."

टाकी भिंतीएवढी लांब. तिच्याखालच्या कपाटात पंप, गाळण्या आणि नळ्या, दिवसरात्र गुरगुरणाऱ्या. वर निळे दिवे. त्या उजेडात घरातली सगळी माणसं काविळीतून उठून दुसऱ्याच कुठल्या रोगात पडल्यासारखी दिसत. न्हाणीघरात मीठ कालवायचं पिंप बसलं, त्यामुळे आंघोळ तिरकं उभं राहून करावी लागे. स्विचबोर्डावर, बिजागऱ्यांवर, मुलीच्या वह्यांवर पांढरे खवले धरू लागले. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. या घरात मिठाने सगळ्यांनाच जागं ठेवलं. साडू तेवढे छान घोरत.

माशांच्या दुकानदाराने सुरुवातीला सांगून पाहिलं, "साहेब, दोन-तीन महिने पाणी मुरू द्या. मग प्रवाळ घाला."

"मी शास्त्राचा माणूस आहे," साडूंनी त्याला सुनावलं.

दुकानदार मूर्ख नव्हता. त्याने सल्ला द्यायचं बंद केलं आणि माल द्यायला सुरुवात केली. आठवड्याभरात टाकी प्रवाळांनी गच्च भरली आणि पुढच्या काही आठवड्यांत ती प्रवाळं खडूसारखी पांढरी पडली. मी विचारलं तर म्हणाले, "विश्रांती घेतायत." मग ती विश्रांती वास मारू लागली. मेहुणीने नाकाला पदर लावून ती बादलीत भरली.

याच सुमारास एका दगडावर एक तपकिरी, बोटाएवढी, झिपऱ्या केसांची वस्तू उगवली. तिला कुणी आणलं नव्हतं, दगडाबरोबर ती फुकट आली होती. साडूंनी ती चहाच्या चमच्याने चिरडली. या प्राण्याची खोड अशी, की त्याच्या प्रत्येक तुकड्यातून नवा संसार उभा राहतो. साडूंनी नेटाने चिरडणं चालू ठेवलं आणि बघता बघता सगळे दगड त्या झिपऱ्यांनी भरून गेले.

एका रविवारी मी तिथेच बसलो होतो. त्यांच्या इमारतीचा बिल्डर टाकी बघायला आला. काचेला नाक लावून म्हणाला, "वा! ही कुठली फुलं?"

साडूंनी एक क्षण, फक्त एक क्षण, छताकडे पाहिलं.

"सागरशेवंती," ते म्हणाले. "खोल पाण्यातली. फार नाजूक. सगळ्यांकडे टिकत नाही."

चहाचा ट्रे घेऊन येणारी मेहुणी दारातच थबकली. बिल्डर गेल्यावर मी विचारलं, "आणि ती गुलाबी प्रवाळं कुठे गेली?"

"अगदीच सामान्य जात होती ती. काढून टाकली."

पुढचं मग आपोआप घडत गेलं. लोक येत, माना डोलवत. गल्लीतल्या टवाळांनी त्यांना 'दर्यासारंग' म्हणायला सुरुवात केली. साडूंनी ती पदवीच समजून मिरवली. बिल्डरने टाकी आणली. पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनीही आणली. दोघांकडे साडू स्वतः सागरशेवंतीचे दगड घेऊन गेले, बाळंतिणीला जपावं तसे जपत. "पहिले काही महिने हात लावू नका," ते म्हणाले. "शक्यतो टाकीजवळ मोठ्याने बोलूही नका."

बाईंकडे एक हिरवं प्रवाळ होतं, त्यांच्या फार आवडीचं. शेवंतीच्या झिपऱ्या त्याला डसल्या आणि ते आक्रसून गेलं. बाईंनी फोन केला.

"तुमच्या पाण्यात दोष आहे, बाई," साडूंनी निदान केलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे जुनंच आहे. यांनी अंगणसुद्धा दुसऱ्याचं धरलं.

बिंग फोडलं बिल्डरने. तो माशांच्या दुकानात जाऊन सागरशेवंतीचं खाद्य मागू लागला. दुकानदार गल्ला धरून हसला म्हणे. तिथून बिल्डर तडक चष्म्याच्या दुकानात आला आणि भर गिऱ्हाइकांत त्याने पिशवीतला ओला दगड काउंटरवर आपटला.

"हे काय आहे?"

"सागरशेवंती," साडू म्हणाले.

"तण आहे तण! ज्याच्या टाकीत हे उगवतं तो तोंड लपवतो, आणि तुम्ही घरोघर वाटत सुटलात?"

खुर्चीवर एक आजोबा नंबर तपासायला बसले होते, एका डोळ्यावर झाकण. ते पुढे वाकून म्हणाले, "मला नीट दिसत नाही, पण तणच वाटतंय."

साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रक्तदाबाचं निमित्त करून दुकान बंद ठेवलं आणि ते घरात बसले. मेहुणीने त्यांना पहिल्यांदाच दम दिला, "हे तण काढा, नाहीतर बादली माझ्या हातात आहे." तेव्हा दुकानदाराने एक मासा दिला. पिवळ्या पट्ट्यांचा, लांब चोचीचा, फुलपाखरासारखा डौलदार. त्याला हे तण भारी आवडतं. तो एकेक झिपरी चोचीने खुडत गेला आणि दगड चक्क उघडे पडले. साडूंच्या अंगात पुन्हा जीव आला. छाती पुढे काढून ते दुकानात जाऊ लागले.

पण तण संपलं आणि मासा उपाशी राहू लागला. कोलंबी दिली, शिंपल्याचं मांस दिलं, बाजारात मिळतं ते प्रत्येक खाद्य दिलं. तो तोंड लावीना. उघड्या दगडांवर चोच आपटत फिरे. त्याच्या कुशी आत गेल्या. मेहुणीचा मला फोन आला, "भाऊजी, जरा येऊन जा. हे जेवत नाहीयेत. मासा जेवत नाही म्हणून."

गेलो. साडू टाकीसमोर स्टूल टाकून बसले होते, दाढी वाढलेली. मी त्यांना बरीच वर्षं ओळखतो. कुणासाठी त्यांचा घास अडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"साडूभाऊ, याला शेवंतीच लागते हो," ते म्हणाले. "तुम्ही बिल्डरकडे जाऊन याल का?"

"मी का? वाटली कुणी?"

शेवटी दोघे गेलो. बिल्डरने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"काय पाहिजे?"

"एक दगड हवा होता."

"कसला?"

"सागरशे..."

"कसला?"

साडू म्हणाले, "तणाचा."

बिल्डरला ते इतकं गोड लागलं, की त्याने बायकोला हाक मारली आणि तिच्यासमोर पुन्हा वदवून घेतलं. मग आनंदाने बादलीभर दगड दिले. मुख्याध्यापिकाबाईंनी दोन बादल्या दिल्या, आणि उशिरा आलेल्या पोराला देतात तसं खडसावणं दिलं. साडूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मासा त्या संध्याकाळीच जेवला, आणि त्याच्यामागून साडू.

मला वाटलं, सुटलो. एवढा पाणउतारा झाल्यावर माणूस शहाणा होणार. पण पालथ्या घड्यावर पाणी. माशाने दगड स्वच्छ केले, साडूंनी ते परत नेऊन दिले, आणि बिल्डर व बाई थक्क झाले. बातमी पसरली. गावाच्या दुसऱ्या टोकाहून ओळखीचे-बिनओळखीचे लोक तणाचे दगड घेऊन येऊ लागले. आता हॉलमध्ये ओळीने बादल्या असतात आणि चष्म्याच्या दुकानात पाटी आहे, 'तणग्रस्त दगड बरे करून मिळतील.' राबतो मासा आणि मिरवतात हे. बिल्डरसुद्धा आता चारचौघांत म्हणतो, "त्यातला माणूस आहे."

परवा मी गेलो तेव्हा मुख्याध्यापिकाबाई बादलीशेजारी खुर्चीत बसून त्यांचं व्याख्यान ऐकत होत्या.

"खरं सांगू का बाई," साडू म्हणत होते, "तण मी मुद्दामच वाढवलं होतं. अभ्यासासाठी."

स्वयंपाकघरातून मेहुणी इतक्या मोठ्याने हसली, की तिच्या हातातलं झाकण पडल्याचा आवाज आला. साडू थांबले. ते सावकाश एक घोट पाणी प्यायले आणि त्यांनी पुढच्या वाक्यापासून सुरुवात केली.