मागच्या भिंतीचे फोटो

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिची आई परड्यात वाकून भिंतीचे फोटो काढतेय. आज आठवलं की त्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. ती बाई म्हणजे मीच. पन्नाशी उलटलेली, रोलच्या जमान्यात ते धुऊन आणायला सगळा बाजार पालथा घातलेली, आणि फोटोग्राफीत आपल्या तोडीचं रत्नागिरीत कोणी नाही अशी मनातल्या मनात खात्री असलेली.

आमचं घर भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या चढावावर. डोंगर कापून जागा केलेली. मागे जेमतेम कपडे वाळत घालण्याएवढं परडं, आणि त्यापलीकडे डोंगर धरून ठेवणारी चिऱ्यांची उंच भिंत. भिंतीला खाली ओळीने भोकं होती. पावसाळ्यात त्यांतून डोंगराचं पाणी तांबडंलाल होऊन भळाभळा वाहायचं. या भिंतीसमोरची मागची खोली आम्ही बाळंतिणीसाठी ठरवली. न्हाणी लागूनच, वारं लागत नाही, बाजेखाली शेगडी ठेवायला जागा. बाळंतिणीला आणखी काय हवं?

चैत्रात एका भोकातून धामण डोकावली. धामण चावून कोणी मरत नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक. पण बाळंतिणीच्या खोलीमागे जनावर म्हटल्यावर शहाणपण कुठे टिकतं! ह्यांनी गवंडी बोलावला आणि सगळी भोकं सिमेंटने लिंपून घेतली. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. "अहो, ते कोपऱ्यातलं राहिलं बघा," असं मीच बोट दाखवून सांगितलं.

डिजिटल कॅमेरा त्याच सुमारास आला. शेजारच्या भाभींच्या मुलाने मस्कतहून आणून दिला. खिशात मावेल एवढा, पण खेळणं नव्हे. हौशी माणसांसाठीचा. वर चकत्या होत्या, सगळं हाताने ठरवता यायचं. लेन्स एवढी उजेड टिपणारी की अंधाऱ्या खोलीतही फ्लॅश लागू नये. मला हवा होता तो त्यासाठीच. बारशाआधी बाळाचा फोटो काढू नये म्हणतात. मी ठरवलं होतं, फ्लॅश उडालाच नाही तर कोणाला कळतंय! शिवाय मागचा पडदा बाहेर काढून वर वळवता यायचा, म्हणजे गुडघे न मोडता खालून फोटो.

खोडीही होत्याच. बटण दाबलं की स्वारी आधी विचार करायची. फांदीवर कावळा बघून दाबावं, फोटोत नुसती फांदी. उजेड फार कमी झाला की चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके. आणि लेन्स पूर्ण रुंद करून फोटो घेतला की कडेच्या सरळ रेघा पोट काढायच्या. हे शेवटचं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तपासायचं कसं, तर विटांच्या सरळ भिंतीचा फोटो काढावा म्हणे. आमच्याकडे विटा कुठून यायच्या? पण चिऱ्याच्या ओळी होत्या की, सुतात बांधलेल्या!

पहिला फोटो वायरीने टीव्हीवर लावून बघितला. ओळी किंचित फुगलेल्या. मी खूश.

"लेन्सचा दोष," मी म्हणाले.

"एवढे पैसे ओतून दोषच आणलास ना?" हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "आणि टीव्हीची काचच मुळात फुगीर आहे, तिचं काय?"

पाऊस लागला. यंदा भिंतीतून पाण्याचा थेंब नाही, परडं कसं स्वच्छ. मला त्याचंही कौतुक. फोटोला बरं! आषाढात पुन्हा तपासणी केली, तर फुगवटा वाढलेला. दमट हवेने लेन्स बिघडली असणार, असं निदान मी ठोकून दिलं. भाभी कुंपणावरून म्हणाल्या, "वहिनी, लोक समुंदराचे फोटो काढतात, तुम्ही ह्या काळ्या भिंतीचे काय काढता?"

"भाभी, ही परीक्षा आहे."

"कोणाची?" त्या म्हणाल्या आणि हसत आत गेल्या.

लेक बाळंत झाली. मुलगी. दवाखान्यातून घरी आणली, मागच्या खोलीत बाज, शेगडी, धुरी, सगळं साग्रसंगीत. खिडकीच्या गजापासून परड्यावरून समोरच्या चिऱ्याच्या भिंतीतल्या खिळ्यापर्यंत नायलॉनची दोरी होती, तिच्यावर दुपटी वाळत पडायची. वाळत कसली, दमट व्हायची.

"आई, दोरी पुन्हा सैल पडलीय," लेक आतून म्हणाली. "दुपटं जमिनीला टेकतंय."

"बाबांना सांग. नायलॉनच तसलं."

ह्यांनी दोरी ओढून बांधली. मग पुन्हा एकदा बांधली. पुढे दोरी रोजच सैल पडू लागली, आणि आम्ही दुकानदाराला शिव्या घालत राहिलो.

त्या दिवशी जरा उघडीप होती. मी परड्यात गेले, कॅमेरा धोंडीवर ठेवला, पडदा वर वळवला आणि खालून भिंतीवर रोखला. चिऱ्यांची एक ओळ बरोब्बर चौकटीच्या मधोमध आली. बटण दाबायला बोट नेलं आणि तिथंच थांबलं. लेन्सचा दोष कडांना असतो. मधली रेघ सरळच राहते. मीच तर हे सगळ्यांना पढवत होते. ही मधली ओळ वाकलेली होती. पोटुशी बाईचं पोट पुढे यावं तशी, घराकडे.

मी टीव्हीपाशी गेले नाही. हात लावून बघायचंही धाडस झालं नाही. दोरीकडे पाहिलं. सकाळीच ताणून बांधलेली. मधोमध झोळ.

"उठ गं बाय. बाळाला घे आणि ओटीवर चल."

"आई, बाहेर वारं आहे. तूच तर म्हणालीस..."

"मी काय वाट्टेल ते म्हणते. उठ!"

हे आले. "अगं, लेन्सचा दोष ना तो? केव्हापासून ऐकतोय मी."

"दोरी बघा," मी म्हटलं.

ते दोरीपाशी गेले. दोन बोटांनी ती उचलून धरली, आणि खिळ्याकडे, मग खिडकीकडे बघत राहिले. बाळाची गादी त्यांनीच काखोटीला मारली. बाज जड होती, ती राहिली. शेगडी मी उचलली, चटका बसला ते संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गवंड्याला आणायला गेले. भिंतीमागे साठलेलं पाणी सोडायला भोकं पुन्हा उघडायची होती. पाऊस परत धरला होता. लेक ओटीवर बाळाला पाजत होती, बाहेरच्या वाऱ्यात, डोक्याला स्कार्फ बांधून, माझ्यावर रागावून. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होते; ते खोलीच्या काटकोनात, तिथून खिडकीतून आतली बाज दिसायची. गवंड्याला दाखवायला एक फोटो असावा, एवढंच मनात. भिंतीतून आता बारीक आवाज येत होता, दातांत खडा यावा तसा.

मी बटण दाबलं. कॅमेरा त्याच्या सवयीने विचार करत बसला. दाबलं तेव्हा भिंत होती.

आवाज फार मोठा नव्हता. जड पोतं जमिनीवर टाकावं तसा, आणि मग बराच वेळ खळखळ. दार मी कधी लोटलं आठवत नाही. पुढून बाळ रडायला लागलं. ते रडणं ऐकत मी दाराला पाठ लावून उभी राहिले, लेक "आई! आई!" म्हणून हाका मारत होती तरी.

संध्याकाळी घरात शेजारीपाजारी भरले होते. हे चिखलाने माखलेले, तसेच टीव्हीसमोर बसले. "लाव तो फोटो," म्हणाले.

लावला. सगळं तांबडं, हललेलं. एका बाजूला खोलीची खिडकी, गज आत वाकलेले. आणि बाजेवर, उशीच्या जागी, दोन चिरे.

लेकीने बाळाचं डोकं पदराखाली घेतलं. हे टीव्हीच्या आणखी जवळ सरकले.

"हा बाजेचा भाग मोठा करून दिसतो का?" त्यांनी विचारलं.

"दिसतो," मी म्हटलं, आणि वायर उपटली.