मावशींचं कुलूप

मावशींचा विश्वास फक्त स्वतःच्या हातांवर. चहात साखर कमी पडली, तरी ती कुणी मुद्दाम कमी घातली याचा त्या आधी शोध घेत. कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांच्या वायरिंगला तोड नव्हती. सगळ्या वायरी एकाच जुडीत, वेणी घातल्यासारख्या. मालक पाहुण्यांना पॅनेलचं दार उघडून दाखवत, आणि मावशी आपलं लक्षच नसल्यासारखं करत.

मग सून त्याच कारखान्यात लागली. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "आई, मोटरची केबल आणि वजनकाट्याची वायर एकत्र नका बांधू. मोटरची गडबड काट्याच्या वायरीत शिरते." काल आलीस आणि आज मला शिकवतेस, असं मावशींनी तिला सुनावलं. त्यांच्या उमेदीत पॅनेलमध्ये दिवे आणि स्विच असत. शेजारच्या वायरीतली गडबड ते मनावर घेत नसत. सून मान डोलावून कामाला लागली. ते मान डोलावणंच मावशींना जास्त खटकलं.

पुढे त्यांच्या पॅनेलमध्ये कुणीतरी हात घालू लागलं. सकाळी बांधलेली जुडी जेवणाच्या सुट्टीनंतर सुटलेली दिसे. जाड केबल एका कडेला, बारीक वायर दुसऱ्या कडेला, मध्ये वीतभर जागा. काम चोख, पण शोभा गेलेली. संशयाची सुई दुसरीकडे जाणार कुठे? पोरीचा डोळा आपल्या जागेवर आहे, हे मावशींनी ठरवूनच टाकलं. ती जागा गेली तर उरणार काय, तर घरात बसून सुनेच्या जिवावर जेवणं. या धास्तीने त्यांनी पुढच्या पॅनेलला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली.

रवाना करतानाच त्यांनी कुलूप काढलं. ते पॅनेल त्या जुडीसकट गिऱ्हाइकाकडे गेलं आणि परत आलं. मोटर सुरू झाली की रिकामा काटाही वजन दाखवायचा. मालकांनी दार उघडलं, आतली देखणी जुडी पाहिली आणि ते चक्रावले.

"मावशी, तुमची एवढ्यातली सगळी पॅनेलं विनातक्रार चालली. त्यांत या वायरी वेगळ्या होत्या. यातच असं का बांधलंत?"

मावशींची नजर सुनेकडे गेली. पलीकडे सून मान खाली घालून स्क्रू आवळत होती. तिने एक शब्द काढला असता, तर जागा तिची झाली असती. तिने काढला नाही. शेवटी मावशीच पुटपुटल्या, "चुकलं माझं."

संध्याकाळी जेवताना त्यांनी गळ्यातली किल्ली काढून सुनेच्या ताटाशेजारी ठेवली. सुनेने किल्लीकडे पाहिलं, मग सासूकडे. किल्लीला तिने हात लावला नाही.

"आई," तिने हळूच विचारलं, "आता यात काय डाव आहे?"

मावशींना ते फार लागलं. पण हे तिला शिकवलं कुणी, ते शोधायला लांब जायची गरज नव्हती.