अनोळखी वाचक पाहिजे

चंद्रकला ढोके मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करते, त्याला बावीस वर्षं झाली. खिडकीवर दिवसभर हिंदी चालते: नाम, पिता का नाम, जन्म का स्थान. मराठीची वेळ वेगळी, सकाळी साडेपाच ते सात. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल, स्टुलावर आखीव रजिस्टर, आणि रोज एक पान. तापानं फणफणली होती त्या आठवड्यातही तिनं रोज अर्धं पान लिहिलं. तिचा नवरा देवीदास, निवृत्त लाईनमन, तेवढ्या वेळात चहा करतो आणि तोंड बंद ठेवतो. दोन्ही गोष्टी तो लग्नानंतर तीस वर्षांनी शिकला.

अशी तीन वर्षं गेली आणि कादंबरी झाली. ‘मोहगावची यमुना’. संत्र्याच्या पेट्या भरणारी यमुना, तिला टाकून गेलेला नवरा, आणि बारा वर्षांनी तो दारात येऊन उभा राहतो, तेव्हा ती काय करते, याची गोष्ट.

ती पहिल्यांदा ऐकली बुद्धविहारातल्या बायकांनी. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. वाचायला नेहमी चंद्रकलाच, कारण तिचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो. एकदा वाचन लवकर आटोपलं, तर अंबाबाई म्हणाल्या, “तू सकाळी उठून काय लिहून राहिली वं? तेच वाच आता.”

अंबाबाई एकोणऐंशी वर्षांच्या. सारा जन्म दुसऱ्यांच्या बगीच्यात संत्री तोडण्यात गेला. शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण एकदा ऐकलेलं विसरत नाहीत. त्या दिवसापासून रोज ग्रंथ झाला की एक प्रकरण. वर्षावास संपला तेव्हा कादंबरीही वाचून संपली होती. बायकांनी डोळे पुसले. यमुनानं शेवटी केलं ते बरोबर की चूक, यावर दोघी-तिघींचं आठ दिवस बोलणं बंद होतं.

चंद्रकलाला वाटलं, जिंकलं.

दोन प्रकाशकांकडे पाठवून पाहिलं. एकाचं उत्तर नाही, दुसऱ्याचं ‘वर्षभरानं कळवू’. मग तिनं स्वतःच छापायचं ठरवलं. दर रविवारी बसनं पांढुर्ण्याला जाऊन ती अमित नावाच्या पोराच्या दुकानात टायपिंग करून घ्यायची.

“कशी वाटली रे गोष्ट?” तिनं एकदा विचारलं.

“काकू, टाइप करताना वाचाले कोणाले भेटते? बोटं तुमच्या कागदावर, ध्यान गिऱ्हाइकाकडे.”

पुस्तकं छापून घरी आली. दोनशे. चंद्रकलानं सही करून वाटायला घेतली. सगळ्यांनी प्रेमानं घेतली, कपाळाला लावली आणि काचेच्या कपाटात पोरांच्या शिल्डशेजारी ठेवली. महिन्याभरानं ती विचारायला लागली.

“वाचलं का?”

“अवं, वाचाले काय? आमी तं सारं ऐकलंच हाये.”

ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांना ऐकलेल्यांनी सांगितलं होतं. अंबाबाईंनी तर लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, रामाकोन्याच्या बसमध्ये, जिथं बसल्या तिथं सांगितलं होतं. सबंध सौंसराला यमुना ठाऊक होती आणि पुस्तक एकानंही उघडलं नव्हतं. ते विहारात वाचून चंद्रकलानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

“मले एक माणूस पाहिजे,” ती देवीदासला म्हणाली. “ज्यानं मले कधी पाहिलं नाई, अन् माझं पुस्तक वाचलं. एकच. नाई तं मी लिहिते असं म्हणायचा मले काय अधिकार?”

“तुले ओळखत नाई असा माणूस सौंसरात भेटन का? अर्ध्या गावाचे दाखले तुया हातचे.”

म्हणून दसऱ्याला ती शंभर प्रती घेऊन नागपूरला निघाली. दीक्षाभूमीला पुस्तकांचे ढीग लागतात आणि लोक भाकरीच्या फडक्यासोबत पुस्तकं बांधून घरी नेतात. एका पुस्तकवाल्यानं टेबलाचा कोपरा दिला. जीपमध्ये विहारातल्या अकरा बायका होत्या. दहा जणी स्तूपाकडे गेल्या. अंबाबाई टेबलाशी ठाण मांडून बसल्या. “तू लाजाळू. तुले इकता येते का?”

आणि त्यांनी विकायला सुरुवात केली.

“या बाप्पा, पाहा. मोहगावची यमुना. हिचा नवरा हिले टाकून गेला...”

माणसं थांबली. घोळका झाला. अंबाबाईंचा आवाज चढला, उतरला, यमुना रडली, हसली, नवरा परत आला, शेवट झाला. लोकांनी “जय भीम आजी, लय चांगली गोष्ट” म्हणून हात जोडले आणि पुढे गेले. दुसरा घोळका आला, तसाच गेला. दुपारी एकपर्यंत पाच घोळके झाले आणि शंभरच्या शंभर प्रती जागच्या जागी.

“मावशी, सारं कायले सांगून राहिल्या? शेवट तरी सांगू नका.”

“अर्धी गोष्ट सांगून सोडू? ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवू? असं करते का कोणी?” अंबाबाई खरोखर दुखावल्या. “तुईच गोष्ट हाये वं. मी तं एक अक्षर बदललं नाई.”

हे खरं होतं. इतकं जपून हे पुस्तक जगात दुसऱ्या कोणी सांभाळलं नव्हतं. चंद्रकला टेबलावरच्या प्रती सरळ करत राहिली.

सहावा घोळका छोटा होता. त्यात चाळिशीची एक बाई, खांद्यावर पिशवी, हातात भोजनदानातली पुरी-भाजी. खाता खाता ऐकत होती. यमुनाचा नवरा दारात येऊन उभा राहिला, तोच तिनं हात वर केला.

“थांबा आजी. पुढचं सांगू नका.”

“अवं, दोन मिंटाचं तं हाये. ऐकून जा.”

“नाई. मले वाचू द्या. एक पुस्तक द्या.”

लिहिलं कोणी, हे तिनं विचारलं नाही. चंद्रकलानंही सांगितलं नाही. पुस्तक देताना सहीचा पेन हातात होता, तो तिनं पर्समध्ये टाकून दिला.

बाई समोरच्या झाडाखाली जाऊन बसली. शेवटचं पान तिनं उलटून पाहिलं नाही, सरळ पहिलं उघडलं. द्रोणातली भाजी तशीच राहिली. मुंग्या आल्या तरी तिचं लक्ष नव्हतं.

इकडे अंबाबाईंची चुळबूळ चालली होती. “बिचारीचं अर्धवटच राहिलं. जाऊन कानात सांगून येऊ का?”

“बसा मावशी,” म्हणत चंद्रकलानं त्यांचा पदर घट्ट धरला.

झाडाखाली बाईनं पान उलटलं.