आत्याची शिल्लक टाकी

माझी आत्या चामटोलीला एकटी राहते. सरकारी योजनेतून तिला गॅस मिळाला, तेव्हा तो कसा पेटवायचा हे दाखवायला मी कात्रपहून मुद्दाम गेले होते. तिने शेगडीला हळदकुंकू लावलं, माझ्यापुरता चहा केला आणि रेग्युलेटर बंद करून टाकीवर जुनं लुगडं पांघरलं. पुढे कधीही जा, आमचा चहा गॅसवर आणि तिची भाकरी मागच्या पडवीत चुलीवर. धुराने डोळे लाल, बोलता बोलता खोकल्याची उबळ.

"मग गॅस कशाला घेतलास, आत्या?"

"आल्यागेल्याला. संपला तं भरून कोण देईल?"



मग सरकारने वर्षाला तीन टाक्या फुकट द्यायचं जाहीर केलं. आत्याही त्यात बसली. गावात टेम्पो आला, पण टाकीवाल्याने तिची टाकी हलवून पाहिली आणि तो हसला. "आजी, ही अर्धीपण नाय संपली. रिकामी द्याल तेव्हा भरलेली मिळेल."

तिचा रडवेला फोन आला. "फुकटची टाकी परत गेली गो! आता मी एकटी किती खाऊ?"

"लोकांना खायला घाल," मी गमतीने म्हटलं.

तिने ते मनावर घेतलं. रविवारी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन गेले, तर ओटीवर आळीतल्या बायका जमलेल्या आणि आत्या शेगडीपुढे उभी राहून घावन काढतेय. शेजारच्या बर्नरवर काळ्या वाटाण्याची उसळ रटरटत होती. "गॅसवर उभ्याने रांधायचं म्हणजे मीच पाहुणी असल्यासारखं वाटतंय," म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

पंगत उठेपर्यंत ती एकदाही खोकली नाही. तिच्याही ते लक्षात आलं असावं. भांडी आवरताना तिने हळूच विचारलं, "बाय, रोज पेटवला तं तीन टाक्या वरीसभर पुरतील?"

"एकटीला? आरामात."

असे आणखी सात-आठ रविवार झाले आणि टाकी रिकामी झाली. टेम्पो पुन्हा आला, तेव्हा आत्या ती घेऊन दारातच उभी होती म्हणे.

आता तिची भाकरीही गॅसवर होते. पडवीतली चूल सारवून ठेवलीय, फक्त सुक्या बोंबलाच्या कालवणासाठी. गॅसवर त्याला चवच येत नाही म्हणते. मी एकदा दोन्ही खाऊन पाहिलं. तिचं बरोबर आहे.