तांब्याचे घंगाळ आणि हर्सूलच्या गोगलगायी

१९७३ च्या उन्हाळ्यात औरंगाबादेत माणसे हंडे घेऊन टँकरची वाट बघत होती, आणि उमा सेलूकर गोगलगायी शोधत होती. कॉलेजात ती प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके घेई. बी.एस्सी.च्या मुलींची तिची ती पहिलीच तुकडी. परीक्षेत मृदुकाय संघातली पाण्यातली मोठी गोगलगाय चिरून दाखवायची होती. गोगलगायी मिळाल्या नाहीत तर परीक्षा परगावी होणार, असे कळले होते. अशा वर्षी मुलींना घरचे बाहेरगावी धाडणार नाहीत, त्यांचे शिक्षण तिथेच थांबेल, हे उमा जाणून होती.

विभागप्रमुख व्यंकटरावांनी कुठल्याशा विहिरीतल्या लहान, पट्टेदार गोगलगायींची टोपली मागवली. "गोगलगाय ती गोगलगाय, उमाबाई. वर्ग एकच ना, उदरपाद?"

"वर्ग एकच, सर. पण हिला नुसते कल्ले आहेत. मोठीला कल्ल्यांशेजारी फुप्फुसाची पिशवीही असते, आणि मुलींना तीच दाखवायची आहे. नसलेली कुठून दाखवतील?"

मग तुमची ती दोन्हींवर जगणारी बाई आणा शोधून, असे म्हणून व्यंकटराव हसले.

ते दोन्हींवर जगणे उमाच्या डोक्यात घोळत राहिले. फुप्फुस असलेला जीव तळे आटले म्हणून लगेच मरायचा नाही. गाळात खोल शिरून, झाकण घट्ट लावून पावसाची वाट बघत असेल. दुसऱ्या दिवशी ती हर्सूलच्या तलावावर गेली. भेगाळलेल्या तळात दुष्काळी कामावरची माणसे गाळ काढत होती. त्यांत एरवी मेंढरे राखणारी सारजाबाई होती. उमाने सांगितले तिथे तिने कुदळ घातली, आणि हातभर खाली शंख लागू लागले.

"ताई, मेलंय की हे. लई दिवसाचं."

"मेलं असतं तर झाकण गळून पडलं असतं. हातात घेऊन बघा, किती जड आहे."

सारजाबाईने शंख तळहातावर तोलला. "व्हय की. दार लावून बसलंय. माणसाला नाय जमत असलं."

पिशवी भरून उमा घरी आली ती सासूबाईंच्या धाकातच. माई सोवळ्याच्या. पण माईंनी पिशवीत डोकावून पाहिले आणि स्वतःच्या अंघोळीचे पाणी भरलेले तांब्याचे घंगाळ पुढे केले. तांब्याच्या भांड्यातले पाणी शुद्ध, तहानलेल्या जिवांना तेच द्यावे, असे त्यांचे म्हणणे. उमा इतकी भारावली की तिने जास्त विचार केला नाही. घंगाळात न मावलेल्या गोगलगायी तिने चिमण्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळात सोडल्या.

सकाळी परळातल्या गोगलगायी शिंगे काढून काठावर चालत होत्या. घंगाळातली मात्र एकही उघडली नव्हती. गाळ तोच, पाणी तेच, फक्त भांडे वेगळे. गोगलगायी मारायला पाण्यात मोरचूद टाकतात, आणि मोरचुदात तांबेच असते, हे ती दरवर्षी शिकवत असे.

माईंना हे सांगायचे कसे? पण तिने सांगितले. माई आत गेल्या आणि घरातला पिण्याचा माठ उचलून अंगणात आणला. "यात घाल. तुझ्या मुली नापास नको व्हायला."

काही गेल्याच. पण संध्याकाळपर्यंत माठात एकेक झाकण सैल होऊ लागले, आणि दोन मुलींत एक पुरेल इतक्या गोगलगायी झाल्या.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक शीला नावाच्या मुलीच्या टेबलाशी थांबले. तिने कल्ल्यांना एक आणि पिशवीला एक, अशी कागदी निशाणे टोचली होती. या वर्षी हे प्राणी मिळाले कुठे, असे त्यांनी विचारले.

"आमच्या हर्सूलच्या तलावात," व्यंकटराव पुढे होत म्हणाले. "उमाबाईंनी खणून काढले." टोपलीची गोष्ट त्यांनी काढली नाही, उमानेही नाही. तुकडीतल्या सगळ्या मुली पास झाल्या.

आता हर्सूलकडे जाताना दुतर्फा वसाहती लागतात. त्यांतल्या कितीतरी घरांत उमाच्या विद्यार्थिनी आहेत. पण तिला आठवते ते त्या चैत्रातले हळदीकुंकू. घंगाळ कोरडे आणि माठात गोगलगायी, असे का, हे शेजारणीने विचारले होते.

"तांबं गोगलगायींना सोसत नाही," माई पन्हे देता देता म्हणाल्या. "त्यांना कल्लेही असतात आणि फुप्फुसही. पुढचं आमच्या सूनबाईंना विचारा."