अकोटच्या गाडीचं पाणी

खोटं बोलायची एवढी हौस आणि त्यातच एवढा कच्चा, असा माझ्या व्याह्यासारखा दुसरा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. तर हे आमचे इवाईबुवा अमरावतीचे, आणि जन्मभर तिथल्या कोर्टात पुकारा करायच्या नोकरीला. दाराशी उभं राहायचं आणि वादी, आरोपी, साक्षीदार, जो कोणी असेल त्याचं नाव बापाच्या नावासकट तीनदा ओरडायचं. नोकरी संपली, पण गळा काही रिटायर झाला नाही. चहा पाहिजे असला तरी सुनेला, म्हणजे त्यांना मामाजी म्हणणाऱ्या माझ्या लेकीला, पूर्ण नावानं तीनदा पुकारत. गल्लीतली लोकं त्यावर घड्याळ लावत. "लोकं शपथ घेऊन खोटं बोलत आन् मी उभ्यानं आयको," असं ते छाती काढून सांगत, "खोट्याचं सारं शिक्षण झालं हाये मले." शिक्षण झालं असेल, पास कधी झाले नाहीत. साखर सोडली म्हणून सांगत तेव्हा मिशीला पेढा चिकटलेला असे. एका लग्नात पोट बिघडलं म्हणून जेवायला नाही म्हणाले, आणि थोड्या वेळानं मांडवामागं पत्रावळीवर बसलेले सापडले. विचारलं तर म्हणतात, "मीठ पाहून राहिलो."

मी अकोटाकडचा, खारपाणपट्ट्यातला. आमच्या विहिरीचं पाणी असं की परका माणूस पहिला घोट थुंकून टाकतो, आणि आम्हाला त्याशिवाय तहान भागल्यासारखी वाटत नाही. त्याच पाण्यानं माझ्या किडनीत खडा बांधला, असं डॉक्टर म्हणाला. मी मानलं नाही. बापानं, आजानं तेच पिलं. पण कळ उठली की मी अंगणात लोळायचो, आणि मंडळी वारल्यापासून घरात पाहणारं कोणी नव्हतं. इवाईबुवांना कळलं तसे ते गाडी करून आले, फाटकातूनच माझ्या नावाचा पुकारा केला आणि मला उचलून अमरावतीला निघाले. "अकोल्याले काहून नाई?" मी विचारलं. म्हणाले, "तेथी ऊन हाये." जसं अमरावतीत चांदणं पडते.

खडा निघाला. पण किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत डॉक्टरनं आत एक बारीक नळी ठेवून दिली. स्टेंट म्हणतात तिला. सूज उतरली की काढणार. तोवर गावी जायचं नाही, गाडीचे हादरे नकोत, आणि पाणी भरपूर प्यायचं. "पाणी कमी पडलं तर ताप येईल, आणि तो ताप किडनीवर जाईल. या वयात परवडणार नाही," असं तो माझ्याकडं पाहून म्हणाला. मी मान हलवली. मान हलवायला काय लागते.

ती नळी म्हणजे अंगात भाडेकरू ठेवल्यासारखी. लघवीला बसलं की आग पाठीपर्यंत चढायची, उठलं की पुन्हा लागल्यासारखं व्हायचं, आणि रंग अंबाडीच्या सरबतासारखा लाल. भेटीला आलेल्या प्रत्येकाला इवाईबुवा दारातच कोर्टाच्या आवाजात सांगत, "नळी हाये त्यायच्या आत. येथून येथलोक." आणि स्वतःच्या अंगावर बोट फिरवून दाखवत. मला गादीत तोंड लपवावं लागे.

पण खरी अडचण पाण्याची होती. आमच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. बापानं पाळलं, आजानं पाळलं. माझ्या सुमीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. इतकी वर्षं मी तिच्याकडं जायचो ते शिदोरी आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि दिवस मावळायच्या आत परत. आता मुक्काम पडला. खानावळीचा डबा लावला, तेव्हा इवाईबुवांनी नुसतं तोंड वाकडं केलं. विकतच्या पाण्याची बाटली आणवली, ती मात्र त्यांनी उंबऱ्याबाहेर फेकली. "घरात माठ भरून हाये आन् पाहुना पानी इकत घेते?" पाणपोईवरून तांब्या भरून द्या म्हटलं, तर तेही नाही. मग मीच कोपऱ्यावरच्या पाणपोईवर जायचो. एका सकाळी परत येताना धोतराला रक्त दिसलं, आणि भिंत धरत धरत घर गाठलं. त्यानंतर मी गादीवर पडून राहिलो, जीभ टाळूला चिकटवून. लोक हट्टी म्हणतात. मी हट्टी नाही, पाळणारा आहे.

सुमी पेला घेऊन उभी राहायची. "बाबा, दोन घोट." मी भिंतीकडं तोंड करायचो. ती पेला झाकून ठेवायची. त्या दुपारी मात्र ती गेली नाही. हळूच म्हणाली, "मले लेकरू नाई, त्याची शिक्षा तुमी काहून भोगून राहिले?" संध्याकाळी हुडहुडी भरली. डॉक्टर फोनवर म्हणाला, ताप उतरला नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, पाणी किती पितात? सुमी माझ्याकडं पाहत राहिली, आणि मी भिंतीकडं. इवाईबुवांनी त्या संध्याकाळी कोणाला पुकारलं नाही.

सकाळी ते पांढरा कॅन घेऊन निघाले. "तुमच्या गावाले चाललो. तुमच्या हिरीचं पानी आनतो. ते तं पेसान ना?" दुपार कलल्यावर घामानं निथळत परत आले, कॅन टेकवला आणि मी काही न विचारताच अकोट-अमरावतीचं एस.टी.चं तिकीट पुढं केलं. मी चौथी शिकलेला असलो तरी गावाचं नाव वाचता येतं. "हे येन्याचं झालं. जान्याचं कुठी हाये?"

"उडालं खिडकीतून."

सुमीनं पेला भरून दिला. मी एक घोट घेतला. गोड. निव्वळ धरणाचं, अमरावतीच्या नळाचं पाणी. आमची विहीर जन्मात इतकी गोड झाली नव्हती. मान वर केली तर इवाईबुवा तोंड उघडं ठेवून माझ्याकडं पाहत होते, उलटतपासणीत सापडलेल्या साक्षीदारासारखे, आणि त्यांच्यामागं सुमी, पदराचं टोक मुठीत धरून. अंग तापानं भाजत होतं. बाप आठवला, आजा आठवला. मग सुमीची ती मूठ दिसली.

"आमच्याच हिरीचं हाये," मी म्हणालो. "खारं लागते."

"पाहा, मी म्हनलं न," इवाईबुवा म्हणाले आणि मटकन खाली बसले. मी पेला रिकामा करून पुन्हा पुढं केला. त्यानंतर ते रोज सकाळी कॅन घेऊन जात आणि दुपारी येत. ताप उतरला, लघवी निवळली, आणि एक दिवस ती नळीही निघाली.

गावी निघालो तेव्हा ते मला स्टँडवर बसवून द्यायला आले. बाकापाशी पोचलो तर चहावाला त्यांना म्हणाला, "आज कॅन नाई आनला, काका? रोज तं अकोटची गाडी येईपर्यंत बसून राह्यता, तिकीट मागता लोकायले."

"तुहा च्या उतू चालला, तो पाह्य," ते ओरडले. मग माझ्याकडं न पाहता, "मानूस चुकला. दुसरा कोनी समजून राहिला मले."

"असते," मी म्हणालो. "चेहऱ्यासारखे चेहरे असते." पत्र्याखालचा तो बाक मी बसून पाहिला. सकाळीच चटका देत होता.

मागच्या उन्हाळ्यात इवाईबुवा गेले. मी पोचलो तेव्हा घरात माणसं होती, पण कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. सुमीनं माठातून पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. या वेळी मध्ये कॅन नव्हता, तिकीट नव्हतं. मी तो घेतला आणि सगळा प्यालो.

"खारं लागते," मी म्हणालो.

"हो बाबा," सुमी म्हणाली. "मामाजीच आनून ठेवून गेले."