सोमारीबाईच्या नळकांड्यातला कागद

सोमारीबाईला सही येत नाही, पण एटापल्लीच्या तहसिलात तिला न ओळखणारा बाबू नसेल. गावाला जंगलाचा हक्क मिळावा म्हणून नऊ वर्षं तिनं तिथं चकरा मारल्या. पुरावा मागितला तेव्हा साहेबाला दोन कोस चालवत नेऊन पूर्वजांच्या आठवणीला पुरलेले दगड दाखवले. दाखला मिळाला, तो ग्रामसभेनं तिच्याच हवाली केला. उधळी-वाळवी लागू नये म्हणून ती तो बांबूच्या नळकांड्यात ठेवते.

मी चौथीत शाळा सोडली. शिकलो ते मोर्च्यात आणि पोलिसांच्या गाडीत. तरी देशाला नवी राज्यघटना का पाहिजे, यावर सहा लेख लिहिले. ग्रामसभेला सगळ्यात शेवटी विचारता, आता तिच्यापासूनच सुरुवात करून घटना लिहा, हे माझं म्हणणं. लेखांना गावाचा ठराव जोडून दिल्लीला धाडायचं होतं.

ग्रामसभेत वाचले. माना डोलल्या. इथं हात मोजत नाहीत. एक जण अडला तरी ठराव थांबतो. सोमारीबाई अडली.

"नवी घटना आली का जुनी जाईन ना, भाऊ? मंग हा कागद चालन का?"

चालेल, मी म्हटलं. कुठी लिवलं हाय, तिनं विचारलं. मी भडकलो. म्हणालो, तुमच्यासाठीच तर लिहून राह्यलो. सचिव सुनील हसला. "भाऊ, सरकार बी हेच सांगते."

त्या दिवसापासून ती नळकांडं घरी ठेवत नाही. तेंदूपत्ता तोडताना पाठीला, बाजारात काखेत. मोटारसायकल वाजली की जेवणावरून उठते, कागद न्यायला आले म्हणून. ही धास्ती सरकारनं नाही, मी लावली.

सातवा लेख तिच्या प्रश्नावर घेतला. 'जुने हक्क कायम राहतील' एवढं लिहितो आणि खोडतो. कोण राखणार? नवी घटना लिहायला बसतील ते. आणि बसतील कोण, तर आज खुर्चीत आहेत तेच.

काल रस्त्यात भेटली. "लिवलं का?"

"नाई."

"मंग ते सहा बी इथीच ठेव. लिवशीन तवा ने." तिनं नळकांड्याचं झाकण काढून धरलं.

पिशवीतले लेख गुंडाळून दिले. झाकण लागेना. तिनं चिंधी करकचून बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि चालू लागली.